विहीणबाईंचा लेगलेस घोडा

घोडा शाबूत आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चारही पाय जागच्या जागी आहेत, शेपटी आहे, डावा कान उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे पण तो पहिल्यापासूनच तसा आहे. गुण्यामास्तरांना एवढं कळायला सतरा दिवस लागले, आणि त्या सतरा दिवसांत त्यांनी बायकोच्या कानांना, शेजाऱ्यांना आणि टपालखात्याला जो ताप दिला तो वाचताना निदान वाचणाऱ्याच्या जिवाला तरी घोर नको.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. मास्तरांनी शाळेत एकतीस वर्षं सुतारकाम शिकवलं, आणि मुलानं केलेल्या स्टुलाला गुण्या लावल्यावर केसाएवढी फट दिसली तरी ते स्टूल मोडून पुन्हा करायला लावलं. मुलांनी हे नाव ठेवलं आणि मास्तरांनी ते बिनतक्रार लावून घेतलं, कारण जगातल्या बहुतेक भानगडी काटकोन चुकल्यामुळेच होतात अशी त्यांची खात्री होती. शिवाय शाळेची सगळी इंग्रजी पत्रं तेच लिहीत. हेडमास्तरांना स्पेलिंगची धास्ती होती. त्यामुळे सुतारकाम आणि इंग्रजी या दोन गोष्टींत आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांना निवृत्तीनंतरही मनापासून वाटत असे.

मुलगी नोकरीसाठी दूरच्या एका पावसाळी बेटावर गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. नातू एक वर्षाचा होणार म्हणून मास्तरांनी चार महिने खपून त्याच्यासाठी लाकडी घोडा केला. खाली वळलेल्या पट्ट्या, त्यावर झुलणारा, एकही खिळा नाही, सगळे जोड खाचेत खुंटी बसवून केलेले. मग त्या घोड्याच्या मापाचा खोका केला, आणि खोक्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असं सहा भाषांत लिहिलं. त्यातल्या तीन भाषा त्यांना येत नव्हत्या.

टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर एक बाई बसत. कितीही पक्कं बांधलेलं पार्सल येवो, त्या वरून आपल्या हातानं सुतळीचे दोन वेढे दिल्याशिवाय ते पुढे सोडत नसत. सगळी वस्ती त्यांना सुतळीबाई म्हणे. त्यांनी खोक्याला वेढे दिले, गाठ मारली आणि खोका सरळ आडवा केला.

"अहो बाई, बाण दिसत नाही का?" मास्तर म्हणाले.

"दिसतो ना. बाण तुम्ही काढलाय, पण पार्सल मी पाठवणार आहे. उभा खोका गाडीत कोसळतो. आडवा गप पडून राहतो."

"बाई, आत घोडा आहे."

"घोडे झोपतात उभ्यानं. खोके नाही झोपत."

रांगेतली माणसं हसली. आपल्यावर रांग हसली, ही गोष्ट मास्तरांनी घरी येऊन बायकोला तीनदा सांगितली, आणि तिसऱ्यांदा सांगताना बायकोही हसली, तेव्हा सांगणं बंद केलं.

तीन आठवड्यांनी दुपारी फोन वाजला. विहीणबाई! या बाई मनानं सोन्यासारख्या, पण बोलणं असं की पहिलं वाक्य कळेपर्यंत चौथं येऊन दारात उभं. त्यात लाइन खरखरत होती. मास्तर 'येस, येस' म्हणत वहीत शब्द टिपत गेले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाल्या?" बायकोनं विचारलं.

मास्तरांनी वही पुढे केली. पहिला शब्द होता 'स्मॅशिंग'. म्हणजे आदळआपट, चक्काचूर. दुसरा होता 'चॉप्ड टू बिट्स'. म्हणजे तुकडे तुकडे. तिसरा 'लेगलेस'. त्याचा अर्थ सांगताना मास्तरांनी वही मिटली.

"पाय गेले गं त्याचे. चारही."

"अहो, पण त्या तर हसत होत्या. मला इथपर्यंत ऐकू येत होतं."

"धक्का बसला की माणसं हसतात. आणि वर मला म्हातारा म्हणाल्या! ओल्ड मॅन, लेगलेस, असं स्पष्ट म्हणाल्या. घोडा मोडला तो मोडला, पण त्यात माझं वय कशाला काढायचं?"

आता खरं काय ते सांगून टाकू. विहीणबाईंच्या बेटावर 'स्मॅशिंग' म्हणजे झकास. मास्तरांनी जे 'चॉप्ड' ऐकलं ते होतं 'चफ्ड', आणि चफ्ड टू बिट्स म्हणजे आनंदानं वेडंपिसं. 'ओल्ड मॅन' म्हणजे आमचे हे, म्हणजे व्याही. आणि 'लेगलेस' म्हणजे झिंगून पाय लटपटणारा. घोडा नेमका वाढदिवसाच्या दिवशी पोहोचला, त्या आनंदात व्याह्यांना जरा जास्त झाली, एवढीच काय ती बातमी. पण मास्तरांच्या डोळ्यांपुढे एक घोडा पोटावर पडलेला होता.

बायको म्हणाली, "मुलीला विचारा की सरळ." मास्तरांनी फोन केला. मुलगी म्हणाली, "बाबा, काय सुंदर घोडा आहे! उतरायलाच तयार नाही हा." मास्तरांनी फोन ठेवला आणि मान हलवली.

"लपवतेय. लहानपणी कपबशी फोडली की अशीच गोड बोलायची."

संध्याकाळी मुलीनं फोटो पाठवला. फोटोत नातू होता, त्याचे दोन दात होते, घोड्याचं डोकं होतं, आयाळ होती, आणि पोटाच्या खाली फोटो संपला होता. मास्तरांनी तो फोन आडवा केला, उभा केला, भिंगातून पाहिला.

"पाय कुठायत?"

"अहो, नातवाचं तोंड बघा ना! पाय कोण काढतं फोटोत?"

"पाय असले तर काढतात," मास्तर म्हणाले. बायको भाजी चिरायला निघून गेली.

वरच्या मजल्यावरच्या मावशींपर्यंत बातमी अर्ध्या तासात पोहोचली. त्यांचा भाचा महासागरापलीकडच्या मोठ्या देशात असतो, आणि त्याच्याकडे सहा महिने राहून आल्यापासून इमारतीचं इंग्रजी खातं मावशींनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांनी वही वाचली, सुस्कारा सोडला आणि निकाल दिला, "गेला. अगदीच गेला." मग म्हणाल्या, "पण तुम्ही असे गप्प बसू नका. तुम्हाला किती राग आलाय ते त्यांना कळलं पाहिजे. नाहीतर त्यांना वाटेल, तुम्हीच कच्चं काम केलंत. 'मॅड' लिहा. रागावलेल्या माणसाला तिकडे मॅडच म्हणतात."

तळमजल्यावरचे जहाजी मात्र वेगळं बोलले. हे गृहस्थ तीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत होते, आणि त्यांच्या गोष्टींतल्या लाटा दर वर्षी दोन हात उंच होत, त्यामुळे त्यांचं कुणी फारसं मनावर घेत नसे. वही पाहून ते खो खो हसले.

"मास्तर, लेगलेस म्हणजे प्यायलेला! मी स्वतः झालोय. इंग्रजीचा अर्थ विचारायच्या आधी बंदर कुठलं ते विचारावं माणसानं. एका बंदरात मी एका बाईंच्या पँटची तारीफ केली. चांगली इस्त्रीची होती. आमच्या बोटीवर पँट म्हणजे पँट. त्यांच्या गावी पँट म्हणजे आतली! या कानानं अजून नीट ऐकू येत नाही मला."

"माझी विहीण," मास्तर ताठ होऊन म्हणाले, "भर दुपारी फोन करून मला व्याह्यांच्या पिण्याची बातमी देईल?"

"आनंदात माणूस काहीही सांगतो."

"आनंदात? तुकडे झाल्याच्या?"

जहाजींनी हात टेकले आणि चहा मागितला. मास्तरांनी मावशींच्या सल्ल्याप्रमाणे संदेश लिहिला, 'आय अ‍ॅम मॅड अबाउट द हॉर्स.' आता मावशींच्या देशात मॅड म्हणजे संतापलेला असेलही, पण विहीणबाईंच्या बेटावर याचा सरळ अर्थ, या घोड्यावर माझा जीव जडलाय. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'सो आर वुई!' आणि पुढे हसरा चेहरा.

मास्तर खुर्चीत बसले. "त्याही रागावल्यात."

"कुणावर?" बायकोनं विचारलं.

"माझ्यावर! दुसरं कोण आहे? माझा जोड सुटला असं वाटलंय त्यांना. एकतीस वर्षं ज्यानं केसाएवढी फट सोडली नाही त्याच्या घोड्याचे पाय पडले, आणि वर हसतायत."

दोन दिवस मास्तर नीट जेवले नाहीत. मनातल्या मनात त्यांनी प्रत्येक जोड पुन्हा तपासला आणि प्रत्येक जोड पक्का निघाला. म्हणजे दोष एकाच ठिकाणी उरत होता. आडवा केलेला खोका!

त्यांनी टपालखात्याला चार पानी तक्रार लिहिली. सोबत आकृत्या जोडल्या. आकृती एक, घोडा पाठवण्यापूर्वी. आकृती दोन, घोडा सध्या, तक्रारदाराच्या कल्पनेप्रमाणे. आकृती तीनमध्ये सुतळीबाई खोका आडवा करताना दाखवल्या होत्या, आणि चित्र इतकं हुबेहूब होतं की पुढे मुख्य कचेरीत ते बरेच दिवस फिरत राहिलं. शेवटी लिहिलं, 'संबंधित कर्मचाऱ्यावर कडक कारवाई व्हावी.' हे वाक्य लिहिताना त्यांना फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

एरवी तक्रारी टपालखात्यात मुरत पडतात. पण आकृत्या असलेली तक्रार कुणी पाहिलीच नव्हती. चौथ्या दिवशी सुतळीबाईंना खिडकीवरून उठवून मागच्या खोलीत शिक्के मारायला बसवलं. ही बातमी बायकोनं आणली, आणि आणली ती पिशवी जमिनीवर आपटत.

"अहो, त्या बाई महिनाअखेरीला निवृत्त होतायत. चौतीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात एक शेरा नाही. एक! सगळी कचेरी सांगत होती. आता चौकशी चालू आहे म्हणे. तीस तारखेच्या आत मिटली नाही तर 'चौकशी प्रलंबित' असा शेरा मारून घरी पाठवणार त्यांना."

बिनडागाचं पुस्तक म्हणजे काय, हे मास्तरांइतकं कुणाला कळणार? त्यांना मनातून फार वाईट वाटलं. पण समोर घोडा होता, पोटावर पडलेला. "न्याय म्हणजे न्याय," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान निघाला.

सत्तावीस तारखेला दुपारी चौकशीसाहेब घरी आले. दर वाक्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय होती. त्यांनी चष्मा पुसला. "मोडलेली वस्तू हजर करा."

"ती परदेशात आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "वस्तूशिवाय चौकशी पुढे जात नाही. घोडा नाही तर निदान पाय तरी मागवा."

मास्तरांनी साहेबांसमोरच विहीणबाईंना फोन लावला आणि शाळेच्या पत्रात शोभेल अशा इंग्रजीत म्हणाले, "कृपया मला पाय पाठवा."

मग विहीणबाई म्हणाल्या, "हूज लेग्ज, लव्ह?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. त्या बेटावरच्या बायका दूधवाल्यालाही लव्ह म्हणतात, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? "काय म्हणाल्या त्या?" बायकोनं विचारलं, आणि तिचा सूर काही मास्तरांना आवडला नाही. त्यांनी घाईघाईनं सांगितलं, "घोड्याचे! घोड्याचे पाय!" पलीकडे कुजबुज झाली, फोन जावयाच्या हाती गेला, त्यानं तो चित्राचा केला, आणि पडद्यावर घोडा आला.

घोडा उभा होता. नातू त्यावर बसून आयाळ चावत होता. विहीणबाईंनी नातवाला उचललं, घोडा उलटा केला आणि त्याचे पाय आकाशाकडे करून दाखवले. एक, दोन, तीन, चार. मास्तरांनी मोजले. पुन्हा मोजले. चौकशीसाहेबांनी चष्मा न पुसताच मोजले.

मग जावयानं सगळ्या शब्दांचा उलगडा केला, आणि लेगलेस या शब्दापाशी आल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात व्याही दिसले. ते खाली बघत होते. विहीणबाई हसत होत्या, मुलगी हसत होती, बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मास्तरांच्या छातीवर सोळा-सतरा दिवस जे बसलं होतं ते एका झटक्यात उठून गेलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "आहेत गं पाय," ते बायकोला म्हणाले, जसं काही तिनंच ते हरवले होते.

आणि लगेच त्यांना सुतळीबाई आठवल्या.

"साहेब, तक्रार मागे घेतो. आत्ता, या क्षणी."

साहेबांनी चष्मा पुसला. "तक्रार मागे घ्यायला कारण लागतं. अर्जावर तीन कारणं छापलेली आहेत. नुकसानभरपाई मिळाली. आपसात तडजोड झाली. किंवा तक्रारदार मयत."

"वस्तू मोडलीच नाही, असं कारण?"

"ते छापलेलं नाही. न मोडलेल्या वस्तूची तक्रार कुणी करत नाही ना."

"मग काय करायचं?"

"तिसरं सोयीचं असतं. पण त्याला दाखला लागतो."

दोन दिवस मास्तर मुख्य कचेरीच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले. पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं जेवणाच्या सुट्टीकडे. शेवटी एका हेडक्लार्कनं वाट काढली. कोऱ्या कागदावर वेगळं कारण लिहिता येईल, पण ते तक्रारदाराच्या हस्ताक्षरात, स्पष्ट, आणि पुराव्यानिशी हवं.

मास्तरांनी लिहिलं, 'गैरसमज झाला.'

"कसला?" हेडक्लार्क म्हणाले. "मोघम चालत नाही."

मास्तरांनी पेन उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. सगळी कचेरी आपल्या कामात होती, पण मास्तरांना वाटलं की सगळी कचेरी श्वास रोखून बघतेय. मग त्यांनी शाळेच्या पत्रांतल्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'तक्रारदारास इंग्रजी समजले नाही.' खाली सही केली. एवढी जड सही त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

"पुरावा?"

पुरावा म्हणून जहाजी आले, कडक इस्त्रीच्या पँटमध्ये. लेगलेस म्हणजे प्यायलेला असं त्यांनी लेखी दिलं, आणि 'ज्ञानाचा आधार' या रकान्यात 'स्वानुभव' असं लिहिलं. मावशींनी मात्र येण्याचं टाळलं. आपल्या देशात मॅड म्हणजे मॅडच, दुसऱ्या देशाची जबाबदारी आपण घेणार नाही, असा त्यांचा निरोप आला. सगळ्यात वजनदार कागद बेटावरून फोनवर आला. व्याह्यांनी सहीनिशी कळवलं होतं की त्या दिवशी लेगलेस होतो तो मी, घोडा नव्हता. विहीणबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली होती, आणि ती फार आनंदानं केल्यासारखी दिसत होती.

तीस तारखेला दुपारी साडेचारला चौकशीसाहेबांनी सगळे कागद वाचले. चष्मा पुसला. "एक शंका राहते. खोका आडवा केला हे खरं ना?"

मास्तर काही बोलणार इतक्यात हेडक्लार्कनं फाइलमधून एक कागद पुढे सरकवला. त्याच गाडीनं गेलेली, दुसऱ्या कचेऱ्यांतली आणखी सहा पार्सलं, सगळी उभी, बाणाप्रमाणे. सहाही कोसळून फुटली होती. शाबूत पोहोचलं ते एकच.

मास्तर त्या कागदाकडे बघत राहिले. चार महिने खपून केलेले जोड, आणि घोडा वाचवला तो आडव्या खोक्यानं आणि दोन वेढे सुतळीनं! एरवी हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं असतं. पण घड्याळात चार पस्तीस झाले होते, आणि त्यांना फक्त सही हवी होती. साहेबांनी सही केली.

मास्तर तो कागद घेऊन धावले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, भर रस्त्यानं, चप्पल हातात घेऊन. पाच वाजायला पाच मिनिटं असताना ते टपाल कचेरीत शिरले. सुतळीबाई मागच्या खोलीतून निघून आपला डबा, छत्री आणि सुतळीचं उरलेलं बंडल पिशवीत भरत होत्या. शेवटच्या दिवशी तरी खिडकीवर बसू द्यावं म्हणून त्यांनी विचारलंही नव्हतं. पोस्टमास्तरांनी मास्तरांच्या हातातला कागद वाचला, कपाटातून सेवापुस्तक काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'निरंक.'

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. तो एक शब्द त्या बराच वेळ वाचत होत्या. मग पुस्तक मिटून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी वाटेत एक छोटं भाषण जुळवलं होतं. त्यात टपालखात्याचा गौरव होता आणि सुतळीचा उल्लेख होता. धावताना ते सगळं सांडलं.

"चुकलं माझं, बाई," ते म्हणाले.

सुतळीबाईंनी पार्सलच्या खिडकीकडे नजर टाकली. शेवटच्या पाच मिनिटांसाठीही तिथे आठ-दहा माणसं रांगेत होती.

"मोठ्यानं म्हणा, मास्तर. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू आलं नाही."

मास्तरांनी एक श्वास घेतला आणि वर्गात म्हणायचे तशा आवाजात म्हणाले, "चुकलं माझं!"

शेवटचा माणूस हातातलं पार्सल सावरत म्हणाला, "ऐकू आलं. पण चुकलं काय?"

तेव्हा गुण्यामास्तर खिडकीला पाठ टेकून उभे राहिले, आणि विहीणबाईंच्या फोनपासून सगळी गोष्ट त्यांनी रांगेला सांगितली, एकही शब्द न गाळता. रांग हसत होती, आणि या वेळी मास्तरांना त्याचं काही वाटत नव्हतं. पाच वाजून गेले तरी खिडकी कुणी बंद केली नाही. सुतळीबाई आपल्या जुन्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या आणि मास्तर कुठे चुकले की मधेच दुरुस्त करत होत्या.